खराब्यातला हुरडा

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांना तो एखाद्या आजारासारखा वाटतो. आमच्या ह्यांना तर लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही तसाच वाटतो. "तीन-चार दिवस गंगापूरकडे पोटखराबा बघायला चाललेय," असं मी सांगितलं, तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर न काढता त्यांनी विचारलं, "कुणाचा? आणि ओवा घेतलायस ना?"

म्हणून आधी खुलासा. शेताच्या एखाद्या गटात जो तुकडा पिकत नाही, नुसता खडक किंवा मुरूम असतो, तो सातबाऱ्यावर वेगळा दाखवतात. शेताच्या पोटातला खराब भाग तो पोटखराबा. मोजणीच्या कचेरीत नकाशे उतरवण्याचं काम मी तीस वर्षं केलं. या तीस वर्षांत हा शब्द किती वेळा लिहिला असेन याला गणती नाही, पण खरा पोटखराबा मी एकदाही पाहिला नव्हता. माझी जमीन म्हणजे कागद. तिला ना उतार, ना दगड, ना ऊन.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कौसाबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी बांधणी, पन्नाशीच्या आतबाहेरचं वय, आणि दोन शेतांपलीकडे ऐकू जाईल असा आवाज. नकाशाची नक्कल त्यांनी उलटीच धरली होती, पण ईशान्येच्या कोपऱ्यावर बोट मात्र बरोबर ठेवलं. "ह्यो तुकडा आता खराब ऱ्हायला नाय. खोडा की तेवढं."

मी कपाळावर हात मारला. असं खोडता येत नाही, अर्ज लागतो, पाहणी लागते, असं समजावून शेवटी त्यांचा अर्ज मीच लिहून दिला. तेव्हापासून आमची फोनवरची ओळख. निवृत्त होऊन शहरात, पुंडलिकनगरातल्या घरात मी कुंड्यांना पाणी घालत बसले होते, आणि डिसेंबरात त्यांचा फोन आला. पाहणीची तारीख पडली होती.

"ताई, तुमी याच. सायबाची भाषा तुमाला कळती."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. सातबारा दोघा भावांच्या नावावर सामाईक. कौसाबाईंचा नवरा कडूबा आणि धाकटा दीर साहेबराव. जवळून रस्ता होतोय, त्याला मुरूम हवाय, आणि साहेबरावचं म्हणणं होतं की कागदावर खराबच असलेला तुकडा चार पैसे घेऊन खणून देऊन टाकावा. कौसाबाईंनी त्या तुकड्यात नऊ वर्षं घातली होती. बरीच भांडाभांडी होऊन अखेर ठरलं ते असं: पाहणीत सरकारी माणसाने याला शेत म्हटलं तर साहेबराव गप्प बसणार. नाही म्हटलं, तर तिथे जेसीबी येणार.

हे ऐकल्यावर मी कुंड्या ह्यांच्या हवाली केल्या.

भोगी

निघायच्या आदल्या दिवशी शहागंजातून तीळ, गूळ आणि वाणाला द्यायला एक डझन चहाच्या गाळण्या घेतल्या. गंगापूरला एसटी आणि पुढे जीप. प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती आणि ती माझ्यापेक्षा शांत होती.

गंगापूरच्या आजूबाजूला डोळ्यांना गारवा देणारा ऊस आहे, कापूस आहे. जीप उत्तरेला वळून चढाला लागली तसा आधी ऊस मागे पडला, मग कापूस, मग झाडंही. उरला तो पांढुरका, भगभगीत माळ. वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतं आणि उंट आठवतो. इथलं वाळवंट उंट न घेता येतं. पावसाबरोबर दरवर्षी थोडी थोडी माती ओढ्यात उतरते, ओढा ती गोदावरीला नेऊन देतो, आणि एक दिवस शेतात नांगर घातला की फाळ मुरमावर खणखणतो. शेत गेलं हे त्या आवाजावरून कळतं.

"कुणाकडं उतरायचं?" जीपमधल्या एका बाईने विचारलं.

"कौसाबाईंकडे."

"खराब्यात हुरडा खायला का?" ती म्हणाली, आणि अख्खी जीप हसली. मला काहीच कळलं नाही. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. कौसाबाईंनीच बजावलंय, "नाव छापू नका, निम्मं शहर हुरड्याला येऊन बसंल."

घरी पोचले तो भोगीची पानं वाढलेली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि भोगीची भाजी. आमच्याकडे शहरात ही भाजी चिरलेल्या मिश्रणाच्या पिशवीतून येते, आणि तिच्यातला वाटाणाच तेवढा ओळखू येतो. इथे हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, बोरं असं सगळं वेगवेगळं ओळखू येत होतं आणि तरी एक झालं होतं. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा कौसाबाईंनी जाहीर केलं, "ताटातलं सगळं खराब्यातलं हाय. आणा बरं तुमचा नकाशा, त्यालाबी खाऊ घालू."

कडूबा हसला. हा बोलायला अत्यंत कंजूष माणूस. पेशाने गवंडी, शहरातल्या बांधकामांवर असतो आणि सणाला घरी येतो. आमच्या पुंडलिकनगरातल्या दोन इमारतींच्या भिंती त्याने बांधल्यात हे मला तिथे जेवताना कळलं. रोज त्या भिंतींसमोरून भाजी घेऊन येणारी मी, पण बांधणाऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहत होते.

दुपार कलल्यावर आम्ही शेतावर गेलो. पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीत, अजूनही तोच मुरमाड उतार होता. त्याच्यावर चार खुरटी झुडपं आणि एक निराश शेळी. आणि धुऱ्याच्या अलीकडे, त्याच उतारावर, डोक्याइतकी ज्वारी उभी. कणसं भरत आलेली, खाली हरभरा, बांधांवर गवत, मधूनमधून बोरी आणि सीताफळं. मी धुऱ्यावर एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून उभी राहिले. खरं सांगते, मला रडू आलं. तीस वर्षं मी एक शब्द लिहीत होते आणि तो खोडता येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"रडू नका, ज्वारीला खारं पाणी चालत नाय," कौसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने मला शेत वाचून दाखवलं. सुरुवातीच्या वर्षी त्यांनी माळावरचे दगड वेचून उताराला आडवे बांध घालायचे ठरवले. बांध घातले कडूबाने, आणि तिथेच पहिली चूक झाली. गवंड्याची जात, त्याने दोरी ताणून बांध घातले, एकदम सरळ. गावाने नावाजलं. आणि पुढच्याच पावसाळ्यात ते सगळे फुटले. कारण बांध सरळ असला तरी जमीन सरळ नव्हती. पाणी बांधाच्या कडेने वाहत सगळ्यात खालच्या जागी जमायचं आणि तिथून भगदाड पाडून निघून जायचं.

"ह्येनी दोन दिस भाकर खाल्ली नाय," कौसाबाई सांगत होत्या. "म्हणं, माझी भिंत कंदी पडली नव्हती."

तिसऱ्या दिवशी कडूबाने कामावरची नळी आणली. घराचा पाया एका पातळीत आहे का ते गवंडी ज्याने बघतात ती पारदर्शक, पाणी भरलेली लांब नळी. एक टोक नवऱ्याने धरायचं, एक बायकोने. दोन्ही टोकांना पाणी सारखं दिसलं की तिथे दगड ठेवायचा, मग चार पावलं पुढे. अशी ओळ साहजिकच वेडीवाकडी गेली. मग गावाने त्यांना नावं ठेवली. पण त्या वेड्यावाकड्या बांधामागे पाणी जागच्या जागी थांबलं आणि जमिनीत उतरलं. पाण्याबरोबर आलेली मातीही बसली. पुढे त्यांनी गवत लावलं, पाझर तलावातला गाळ पाट्यांनी वाहिला, ज्वारी कापल्यावर उरणारी धसकटं उपटायचं सोडून दिलं, आणि शेळ्या दावणीला बांधून त्यांना कापलेलं गवत घातलं.

"नळीत बगताना ह्ये तिकडून इशारा करायचे," कौसाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापून येवडं माझ्याकडं बगितलं नव्हतं." कडूबा लगेच ज्वारीत काहीतरी महत्त्वाचं शोधायला निघून गेला.

परतताना मी पायवाटेवर पाऊल टाकणार तोच त्यांनी मला थांबवलं. "चपला झटका." मला वाटलं, घर घाण होऊ नये म्हणून. तसं नव्हतं. चपला शेतातच झटकायच्या, म्हणजे माती शेतातच राहते. त्या घरातली सगळी माणसं, आणि आलागेलासुद्धा, बाहेर पडताना धुऱ्यावर थांबून पाय आपटतात. आम्ही शहरात मातीला कचरा म्हणतो आणि पायरीवरून पाण्याच्या फवाऱ्याने गटारात घालवतो. मी चपला काढल्या आणि नीट झटकल्या.

संक्रांत

या दिवसाबद्दल मला फार लिहायचं नाही, पण प्रामाणिकपणे लिहायचं तर टाळताही येत नाही.

सकाळी शेतातच गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली. भाजलेलं कणीस कडूबा तळहातांत चोळायचा, फुंकर मारायचा आणि हिरवा, गरम हुरडा माझ्यापुढे ओतायचा. त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. शहरात आम्ही हुरडा पार्टीला जातो, तिथे तो वाटीत मोजून मिळतो आणि शेजारी उंटाची सवारी असते. इथे कुणी मोजत नव्हतं. मीही मोजला नाही. वरून ताक प्यायले, बोरं खाल्ली, आणि वाणाला आलेल्या बायकांनी दिलेले तिळाचे लाडू कोणाचंच मन मोडायचं नाही म्हणून सगळे खाल्ले. माझ्या गाळण्यांचं फार कौतुक झालं.

चारच्या सुमारास माझ्या पोटात जे सुरू झालं त्याचं वर्णन सातबाऱ्यावरच्या त्याच एका शब्दात होतं. संध्याकाळपर्यंत मी कडूबाने स्वतः बांधलेल्या संडासाला आठ वेळा भेट दिली. पाया भक्कम आहे याची ग्वाही मी देऊ शकते. कौसाबाईंनी कोऱ्या चहात लिंबू पिळून दिलं आणि वर गावभर बातमीही दिली. "मोजणीवाल्या बाईला पोटखराबा लागला" हे वाक्य मी भिंतीपलीकडून तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं. फोनवर ह्यांना सांगितलं तर पलीकडे बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं. ओवा मी नेला नव्हता.

अशा अवस्थेत बाजेवर पडले असताना साहेबराव आला. मी मनात त्याला खलनायक करून ठेवलं होतं. आला तो वाळूजच्या कंपनीत पाळीवर काम करणारा, दाढी नीट केलेला, चाळिशीचा माणूस. आधी भावजयीच्या पाया पडला, तिळगूळ दिला, आणि मग माझ्याशी बोलायला खाली बसला.

"म्याडम, माझं वहिनीशी भांडण नाय. पर त्या मुरमावर मी ल्हानपणी ढोरं वळली हायेत. अनवाणी. पाय सोलून निघायचे. ती जमीन मला ठाव हाय. वर चार बोटं माती दिसती, पीक दिसतंय, दोन वर्सं पाऊस नीट झाला नाय की परत मुरूम. मग रस्त्याचं पैसंबी गेलेलं असंल आन् पीकबी."

"नऊ वर्षं त्या राबल्यात," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतो, बास करा आता."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हीच पंचाईत होती. लबाड माणसाशी मला भांडता येतं. कौसाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत, पण भाकरी थापायचा आवाज वाढला.

"उद्या साहेब येतोयच," साहेबराव उठत म्हणाला. "त्यो म्हनंल ते खरं."

कर

संक्रांतीचा दुसरा दिवस करीचा. या दिवशी कुणी शुभ काम काढत नाही, प्रवासाला निघत नाही, कुणी नवं काही सुरू करत नाही. आणि सरकारने पाहणी ठेवली होती नेमकी याच दिवशी.

"सायबाला कर नाय का?" कौसाबाईंनी मला पहाटे विचारलं.

"सरकारला कर म्हणजे वेगळाच असतो," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मग मला कळलं की बाई घाबरली आहे. या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा पोचत नव्हता.

अकराला मंडळ अधिकारी मोटारसायकलवर आले. तरुण, तरतरीत, हातात नकाशाची नक्कल. नक्कल बघून मला माझी जुनी कचेरी आठवली. ते धुऱ्यावरून चालत ईशान्येच्या कोपऱ्यापर्यंत गेले, ज्वारी पाहिली, हरभरा पाहिला, बोरीच्या झाडाखाली उभे राहिले. चेहरा समाधानी. माझा जीव भांड्यात पडतोय तोच ते म्हणाले, "छान आहे. आता खराबा दाखवा."

"ह्योच की खराबा," कौसाबाई म्हणाल्या.

"बाई, गंमत करू नका. हे तुमचं चांगलं रान आहे. खराबा तो दिसतोय." त्यांनी शेजाऱ्याच्या मुरमाड उताराकडे बोट दाखवलं. "नकाशात कोपऱ्यात मुरूम दाखवलाय. तो तिकडे आहे. चांगलं रान दाखवून मुरूम लागवडीयोग्य करून घ्यायचा, असले प्रकार मी रोज बघतो."

आम्ही सगळे गारठलो. नऊ वर्षं खपून जमीन इतकी सुधारली होती की ती मुळात वाईट होती यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. जरा कमी राबल्या असत्या तर बाईंचं काम झालं असतं.

"हद्दीचा दगड दाखवा," अधिकारी म्हणाले. "नकाशात कोपऱ्यावर दगड आहे. तो इथे असेल तर मी मानतो. नाहीतर मला 'जागा जुळत नाही' असा शेरा मारावा लागेल."

दगड कुठेच नव्हता. कोपऱ्यात नुसता हरभरा. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एका माणसाकडे वळल्या. ज्याने माळावरचा एकूण एक दगड वेचून बांधात घातला होता त्या कडूबाकडे.

"घातलास का रं दादा बांधात?" साहेबरावने विचारलं.

कौसाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कडूबा लाल झाला, आणि मग त्या माणसाने माझ्या देखत पहिलं लांब वाक्य उच्चारलं. "तीस वर्सं दगडाचं काम करतो मी. कुठला दगड उचलायचा आन् कुठल्याला हात लावायचा नाय, ह्ये मला शिकवू नका. त्यो हाय. हितंच हाय."

"मग शोधू," मी म्हटलं. पोट अजून ठिकाणावर नव्हतं, पण एकदम सगळी कचेरी माझ्या अंगात आली. आग्नेय कोपऱ्यावरचा दगड जागेवर होता, पांढरा रंग लावलेला, सगळ्यांना मान्य. तिथून ईशान्य कोपऱ्यापर्यंतचं अंतर नकाशावर लिहिलेलं होतं. माझ्या पिशवीत टेप होता. निवृत्त झाले तरी टेप सुटत नाही. मी एक टोक दगडावर धरायला लावलं आणि धुऱ्यावरून, बांध चढत-उतरत, टेप नेला. अंतर भरलं तिथे मी टाच रोवली. "इथे खणा."

साहेबराव टिकाव घेऊन पुढे झाला. मुरूम लागणार या तयारीने त्याने टिकाव असा जोरात हाणला, की तो दांड्यापर्यंत आत गेला आणि साहेबरावच तोल जाऊन गुडघ्यावर आला. त्याने टिकाव बाजूला ठेवला आणि खुरपं घेतलं. खणत गेला, खणत गेला. दगड लागला नाही. मुरूमही लागला नाही.

"नाही इथे," अधिकारी म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

मीच हट्टाने टेप काढला आणि मीच या बाईचं काम बुडवलं. शंभर वेळा उतरवलेला नकाशा, अंतर बरोबर, मग दगड कुठे गेला? मी त्या उताराकडे बघत उभी राहिले, आणि मला माझीच लाज वाटली. उतार! नकाशा सपाट असतो. त्यातलं अंतर सपाटीतलं असतं, आणि मी टेप जमिनीवर लोळवत, प्रत्येक बांधावर चढवत आणला होता. टेप त्या चढउतारातच खर्ची पडला होता. टेबलावर तीस वर्षं काढणाऱ्या बाईकडूनच अशी चूक व्हायची.

"कडूबा, टेप आडवा धरायला हवा. पातळीत. जमिनीला न टेकता."

त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने घरातून नळी आणि ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं गवंड्याचं वजन, आणला. मग आम्ही पायऱ्यापायऱ्यांनी मोजत निघालो. कडूबा एका टोकाला, कौसाबाई दुसऱ्या टोकाला, नळीतलं पाणी सारखं झालं की टेप ताणायचा, ओळंबा सोडायचा, ओळंब्याच्या टोकाखाली खूण करायची, पुढे सरकायचं. नवरा-बायको न बोलता काम करत होते. अधिकारी आधी बाजूला उभे होते, मग जवळ आले, आणि चौथ्या टप्प्याला त्यांनी स्वतःच टेपचं टोक हातात घेतलं.

शेवटचा ओळंबा पहिल्या खड्ड्याच्या पुढे दोन हातांवर, बांधाच्या पोटाशी उतरला. बांधामागे जिथे सगळ्यात जास्त माती बसते, अगदी तिथे.

साहेबराव वाकून खुरप्याने माती काढू लागला. वीतभर गेला. अजून वीतभर. काळी, ओलसर, भुसभुशीत माती, तिच्यात मुळं आणि एक गांडूळ. मग तो पोटावर आडवा झाला आणि हातच आत घातला. कोपरापर्यंत गेला, कोपराच्या वर गेला. आणि थांबला.

"लागला," तो म्हणाला.

मग आम्ही सगळेच खणायला लागलो. दगडाचं डोकं बाहेर आलं, त्यावर मोजणीची कोरलेली फुली. कडूबाने ती ओल्या बोटाने पुसली. दगड हलला नव्हता, कोणी हलवला नव्हता. नऊ वर्षांत त्याच्याभोवती शेत वर आलं होतं. एके काळी मुरमावर गुडघाभर उभा असलेला तो दगड आता हातभर मातीखाली होता. मी आयुष्यात इतकी जमीन कधीच मोजली नव्हती.

मी ओरडले. साठीच्या बाईने असं ओरडू नये, पण ओरडले. कौसाबाईंनी मला मिठी मारली, आणि त्यांचा आवाज परत आला, दोन काय चांगला चार शेतांपलीकडे गेला. गावातून माणसं धावत आली, कुणाला साप चावला की काय म्हणून.

अधिकाऱ्यांनी खड्ड्यात पट्टी धरली, खोली पाहिली, नोंद केली, फोटो काढले. मग बोरीखाली बसून पंचनामा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. त्यात शेवटी होतं की सदर क्षेत्र पूर्वी मुरमाड असल्याची खात्री झाली, सध्या त्यावर पुरेशी माती व उभं पीक आहे, सबब ते लागवडीयोग्य आहे. "तहसीलचा आदेश व्हायला वेळ लागेल," ते म्हणाले, "पण माझ्या बाजूने हे शेत आहे." जाताना कौसाबाईंनी त्यांनाही धुऱ्यावर बूट झटकायला लावले. त्यांनी निमूटपणे झटकले, आणि वाणाच्या उरलेल्या दोन गाळण्या घेऊन गेले.

लोक पांगले. मी बोरीखाली बसले होते, पोट विसरून. साहेबराव अजून खड्ड्यापाशी उकिडवा बसला होता. काढलेली माती तो ओंजळीने परत आत भरत होता, सावकाश, एक ढेकूळसुद्धा बाहेर राहू न देता. भरून झाल्यावर त्याने वरून हलकेच थापटलं आणि हात तसेच मातीचे ठेवून वहिनीसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, वरचा माझ्या वाटणीला यायचा तुकडा. त्यो बी मुरूमच हाय." त्याने मातीच्या हाताने चढाकडे बोट केलं. "त्यो बी व्हईल का असा?"

कौसाबाईंनी त्याला नऊ वर्षांचा हिशेब ऐकवावा अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी तो ऐकवला नाही. पदराने तोंड पुसलं आणि चढाकडे, त्या उघड्याबोडक्या तुकड्याकडे चालायला लागल्या. साहेबराव मागोमाग. वर पोचल्यावर त्या थांबल्या.

"व्हईल की," त्या म्हणाल्या. "वाक. पयला दगड तुझ्या पायापशीच हाय."